अजून थोडी वाक

"अजून थोडी वाक."

मी वाकले.

"अजून. पाठ दिसली पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे ना, कंबर मोडतेय म्हणून."

झाशीबाहेर, बिजौलीतली एक पत्र्याची शेड. बाहेर ट्रक उभे, आत वेल्डिंगचा वास. मधोमध एक नवीकोरी पिवळी हातगाडी, चाकांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. रस्ते झाडणाऱ्या बायांना वाकावं लागू नये म्हणून बनवलेली गाडी. तिची फिल्म काढायची होती. फिल्मचे दोन भाग, 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'मध्ये बाई ताठ उभी राहून लांब दांड्याच्या झाडूने झाडणार होती. 'आधी'साठी वाकलेली बाई हवी होती.

खऱ्या झाडणाऱ्या बाया कामावर गेलेल्या. एकही मिळाली नाही. आमच्या टीमच्या प्रमुख मुग्धाताईंनी इकडेतिकडे बघितलं. आम्ही सहा जण होतो तिथे. पाच जण पुण्याहून आलेले डिझाइनचे संशोधक. सहावी मी. माझ्या गळ्यातही त्यांच्यासारखंच ओळखपत्र होतं. त्यावर माझ्या नावाखाली लिहिलेलं, 'फील्ड रिसर्चर'.

ताईंनी ते माझ्या गळ्यातून काढलं. स्वतःच्या हाताने, हळूच, केस अडकू न देता. म्हणाल्या, "हे फ्रेममध्ये नको." आणि खराटा माझ्या हातात दिला.

"ताई, मला झाडता येत नाही."

ताई हसल्या. "अगं, तुला काय शिकवायचं? तुझ्या अंगातच आहे ते."

कुणी चमकलं नाही. कुणी मान खाली घातली नाही. कॅमेरावाला म्हणाला, "रेडी?" मी झाडलं. तीच जागा, तोच कचरा. ते पुन्हा पसरायचे, मी पुन्हा झाडायचे. पाच वेळा. पाचव्या वेळी ताई "परफेक्ट!" म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून मी हसले. ते हसणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मी कोण ते सांगते.

माझे वडील अकोल्याकडचे. फौजेत होते. फौजेत काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "फौजेत." पलटणीत सफाईवाला म्हणून भरती झालेले. वर्दी इतरांचीच, काम वेगळं. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत. तिथून रिटायर झाले, झाशीत ओरछा गेटजवळ दोन खोल्या घेतल्या आणि दोन वर्षांत गेले. गावाकडे परतावं असं आमचं तिथे काही नव्हतं. आई इथेच राहिली आणि एका ठेकेदाराकडे रस्ते झाडायच्या कामाला लागली. फौजेतली वर्दी गेली, झाडू राहिला.

झाशीत मराठी माणसं आहेत. नाहीत असं नाही. काही घराणी दोनअडीचशे वर्षांपासूनची, कारभारी आणि पुजारी म्हणून आलेली. त्यांचं आणि आमचं जाणंयेणं नाही. दुसरे फौजी. ते येतात, दोनतीन वर्षं राहतात, बदली झाली की जातात. लहानपणी माझी प्रत्येक मैत्रीण ट्रकमध्ये सामान भरून गेली. शाळेत मी 'मराठन' आणि मराठी लोकांत मी कुणीच नाही. वडील गेल्यावर माझी मराठी बोलायला एकटी आई उरली. आणि आई कामावरून यायची ती थकून. जेवायची, झोपायची. मी भिंतीशी मराठी बोललेली आहे. हसू नका, खरंच बोललेली आहे.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. का, तर मला प्रश्न विचारणारी बाई व्हायचं होतं. आमच्या घरी जे कुणी आलं ते विचारायलाच आलं. किती माणसं, कोणती जात, संडास कुठे. आई उभी राहून उत्तरं द्यायची, समोरचा बसून लिहायचा. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

तर एक दिवस फोन आला. पुण्याहून. "आम्ही सफाई कामगारांवर डिझाइन रिसर्च करतोय. सामाजिक प्रश्न डिझाइनने कसे सुटतील ते बघायचंय. हिंदी, बुंदेली आणि मराठी तिन्ही येणारं कुणी हवंय." बोलणारी बाई मराठीतून बोलत होती. इतकं स्वच्छ, इतकं आपुलकीचं मराठी, की मी पगार किती तेसुद्धा विचारलं नाही. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. तशी गेले.

पहिला महिना सोन्याचा. मुग्धाताई मला शेजारी बसवायच्या. "आमची झाशीची सहकारी," अशी ओळख करून द्यायच्या. आम्ही गल्ल्या फिरायचो, बायांशी बोलायचो, संध्याकाळी सगळ्यांचं म्हणणं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचो. मग सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांवर मथळा लावायचा. मला फार आवडायचं ते काम. ताई विचारायच्या, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं ते तोवर कुणी विचारलं नव्हतं. आणि तेही मराठीत! जेवताना ताई खोबऱ्याच्या चटणीची पुडी माझ्याकडे सरकवायच्या. घरी जाताना मी रस्त्याने एकटीच हसत जायचे.

बायांकडून कागदावर सही घ्यायचं काम माझं. संमतीपत्र. एकतीस बायांच्या सह्या आणि अंगठे मी घेतले. कागद इंग्रजीत, पाठीमागे बारीक अक्षरात हिंदी. कुसुमा चाची म्हणून आईची जोडीदारीण आहे. दोघी एकाच रस्त्यावर झाडतात. तिने विचारलं होतं, "बिन्नू, जौ कागज काए को आय?" पोरी, हा कागद कशाचा?

मी म्हटलं, "कछु नईं चाची. फोटो के लाने." फोटोसाठी, बस.

ताईंनी सांगितलं होतं, सगळं वाचून दाखवत बसू नकोस, बाया कंटाळतात. मीही ते पूर्ण वाचलं नव्हतं. एम.ए. झालेली मी.

मग एका रविवारी ताई आमच्या घरी आल्या. मीच बोलावलं. आईने सकाळपासून पुरणाचा घाट घातला. ताईंनी चप्पल काढली, आत आल्या आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे दोन तसबिरी आहेत. एक डोळे मिटलेली, शांत. दुसरी निळ्या कोटातली, चष्म्याची. ताई बघत राहिल्या. मग त्यांनी दारामागे खिळ्याला टांगलेलं आईचं कामाचं नारिंगी जाकीट बघितलं.

मला वाटलं, झालं. आता घाईने उठतील. पाणी नको म्हणतील. असं बघितलेलं होतं मी. पण ताई पोटभर जेवल्या. दोनदा पुरण मागून घेतलं. आणि हात धुताना माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, आधी का नाही सांगितलंस? तू तर आमचा खजिना आहेस!"

त्यांचे डोळे चमकत होते. खोटं नाही सांगत, त्या खूश झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची हलली. कुणी हलवली म्हणून सांगता येणार नाही. चिठ्ठ्या लावायला बसले की ताई म्हणायच्या, "तू नको लिहूस, तू सांग. तू लहान असताना कसं वाटायचं?" कुणीतरी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करायचं. तुला काय वाटतं, हा प्रश्न बंद झाला. तुला कसं वाटायचं, हा सुरू झाला. मी टेबलाच्या या बाजूला होते, ती त्या बाजूला गेले. बैठका माझ्याशिवाय होऊ लागल्या. खोबऱ्याची चटणी मात्र येत राहिली.

मग ताई कॅमेरा घेऊन आईचा फोटो काढायला आल्या. तसल्याच कागदावर मी आईचीही सही घेतली. आई लग्नाकार्याची मोरपंखी साडी नेसून बसली होती. पावडर लावलेली, केसांना तेल. ताई म्हणाल्या, "काकू, रोजचीच साडी नेसा ना. ते जाकीट घाला. खरं वाटलं पाहिजे." आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नेस ना आई." आई आत गेली आणि बदलून आली. फोटोत तिचे केस मात्र तसेच राहिले, चापून बसवलेले.

आता पाण्याचं सांगते. इथेच खरी गोष्ट आहे.

आम्ही सगळ्या बायांना विचारलं होतं, कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा? आम्हाला वाटलं होतं कंबर म्हणतील, धूळ म्हणतील. कुसुमा चाची म्हणाली, "पानी कौनऊँ नईं देत. माँगो तो कहत हैं ओक लगा लो, और ऊपर सें डार देत हैं." म्हणजे ओंजळ धर म्हणतात आणि वरून ओततात. भांडं लागू देत नाहीत. पाठोपाठ दुसरी तेच बोलली, तिसरीही. एका घरात तर फुटका मग बाहेर कुंडीमागे ठेवलेला असतो, झाडणारीसाठी वेगळा. मी एकेक चिठ्ठी नीट लिहिली. त्यांच्याच शब्दांत, तारीख, गल्ली, सगळं.

दोन आठवड्यांनी भिंत बघितली. माझ्या चिठ्ठ्यांवर मथळा लावलेला, 'पिण्याचे पाणी: उपलब्धता'. आणि त्याखाली गाडीचं चित्र. गाडीच्या दांड्याला एक गोल कडी काढलेली. पाण्याची बाटली अडकवायला.

मी ताईंकडे गेले.

"ताई, पाणी नसतं असं नाही म्हणाल्या त्या. पाणी देत नाहीत म्हणाल्या."

"हो ना. म्हणून तर बाटली. आता कुणाकडे मागायलाच नको!"

"पण तो फुटका मग? कुंडीमागचा?"

ताईंनी लहान मुलाला समजवावं तसा आवाज केला. "हे बघ, समाज आपण नाही बदलू शकत. आपण गाडी बदलू शकतो. आणि जातीबितीचं आलं की लोक बिथरतात गं. आपल्याला सगळ्यांना सोबत घ्यायचंय."

सगळ्यांना सोबत घ्यायचं म्हणजे तो फुटका मग ठेवणाऱ्यांना. बाया सोबत होत्याच, त्यांच्या सह्या मी आणून दिल्या होत्या. पण मी गप्प राहिले. ताई रागावल्या तर मराठी बोलायला कोण उरणार, हा विचार माझ्या मनात आला. शरम वाटते सांगायला, पण आला. एकटेपणा माणसाला काय काय गिळायला लावतो.

त्यानंतरच्या आठवड्यात बिजौलीची शेड. खराटा. "तुझ्या अंगातच आहे ते."

मी आईला सांगितलं नाही. पण ताईंनी ती फिल्म सगळ्या बायांच्या ग्रुपवर पाठवली. कुसुमा चाचीने आईला दाखवली. मी घरी आले तेव्हा आई फोन हातात धरून बसलेली. फिल्म संपली की पुन्हा लावत होती.

"आई, बंद कर."

"उलटा धरला तू खराटा," आई म्हणाली. "डावा हात खाली पायजे."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"तुले कसं येईन म्हना. म्या कधी हाती धरूच देला नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खरंच नाही. आमच्या घरात केर मी एकदाही काढलेला नाही. मी स्वयंपाक केला, धुणं धुतलं, भांडी घासली. झाडू आईच मारायची, दिवसभर रस्ता झाडून आल्यावरसुद्धा. मी उचलला की हातातून काढून घ्यायची. लहानपणी वाटायचं मला नीट जमत नाही म्हणून घेते. अठ्ठावीस वर्षं या बाईने मला झाडूपासून लांब ठेवलं होतं. आणि एका दुपारी तो माझ्या हातात आला, आणि टाळ्या वाजल्या म्हणून मी हसले.

आई रडली नाही. आई रडत नाही. तिने एवढंच विचारलं, "शिकलेल्या लोकायनं देला म्हून घेतला काय?"

हो. म्हणूनच घेतला.

त्या रात्री मी संमतीपत्राची एक प्रत काढली आणि पहिल्यांदा पूर्ण वाचली. पाठीमागचं बारीक हिंदी. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, सहभागी व्यक्ती कधीही, कोणतंही कारण न देता, आपली माहिती आणि छायाचित्र परत घेऊ शकते. कधीही. कारण न देता. एकतीस घरांत हा कागद मीच नेला होता आणि ही ओळ एकाही घरात वाचली नव्हती. ताईंचा राग आला होता, पण त्या ओळीनंतर माझा जास्त आला. आईचा कागद तिच्यासमोर ठेवून मी ती ओळ वाचली आणि विचारलं, "तुझा फोटो ठेवायचा की परत घ्यायचा?" आई म्हणाली, "मोरपंखीतला असता तं ठेवला असता. परत आन."

चार दिवसांनी स्टेशनजवळच्या हॉटेलात कार्यक्रम होता. पैसे देणारे पाहुणे दिल्लीहून आलेले. पिवळी गाडी मंचावर, तिला हार. मागे मोठा फलक आणि फलकावर आई. नारिंगी जाकिटातली. खाली नाव, 'सुनीता, सफाई कर्मचारी'. माझ्या आईचं नाव विमल आहे. नावाखाली अवतरणात एक वाक्य, 'मला फक्त थोडासा सन्मान हवाय.' आईने आयुष्यात हे वाक्य उच्चारलेलं नाही. आई असं बोलतच नाही.

ताईंचं भाषण चांगलं झालं. बाटलीच्या कडीला तर टाळ्या पडल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि आता सुनीताचीच मुलगी, आमची लाडकी सहकारी, तुम्हाला करून दाखवेल." आणि मंचावरून लांब दांड्याचा झाडू माझ्याकडे केला. पुढचं त्या मराठीत म्हणाल्या, दिल्लीच्या पाहुण्यांना कळणार नाही असं. "ये गं. लाजू नकोस."

मी मंचावर गेले. झाडू घेतला नाही.

"नाही," मी म्हटलं. मराठीतच. मग माइक घेतला आणि हिंदीत सांगितलं. ही सुनीता नाही. ही विमल, माझी आई. हे वाक्य तिचं नाही. तिच्या संमतीपत्रातल्या या ओळीप्रमाणे ती आपला फोटो परत घेते आहे. ओळ वाचून दाखवली. कारण सांगायची गरज नाही, तेही वाचलं. फिल्ममधली वाकलेली बाई मी आहे आणि मीही मला परत घेते आहे. 

फलक कापडी होता, चिमट्यांनी लावलेला. मी चिमटे काढले आणि तो गुंडाळला.

ताई जवळ आल्या. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. हळू आवाजात म्हणाल्या, "असं काय करतेस? हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

"ताई," मी म्हटलं, "कडी लावायच्या आधी त्या घरांना विचारायचं होतं."

गुंडाळलेला फलक काखेत मारून मी बाहेर पडले. माझ्या मागे कुणी आलं नाही.

नोकरी गेली. ताईंचा एक निरोप आला, 'तू मला खूप दुखावलंस. मी तुला बहीण मानलं होतं.' मी उत्तर लिहिलं आणि खोडलं, तीनदा. पाठवलं नाही. तेव्हापासून कुणी मला मराठीतून निरोप पाठवत नाही. संध्याकाळी फोन वाजला की अजूनही वाटतं, त्याच असतील. वाईट सवय आहे, जाईल.

एकतीस घरांत परत गेले. ओळ वाचली. अकरा जणींनी फोटो परत मागितले, बाकीच्या म्हणाल्या राहू दे. गाडी काही आली नाही. कुसुमा चाची माझ्यावर चिडली. "गाड़ी तो अच्छी हती बिन्नू. कमर खों आराम मिल जातो. तुमाई लड़ाई में हमाई गाड़ी गई." तिचं खरं आहे. मी ते माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, तिच्याच शब्दांत. ते मला टोचतं आणि टोचलंच पाहिजे.

पण एक गोष्ट मला कळली. आमचा अभ्यास पुरे झाला. आम्ही कसं जगतो, कसं वाकतो, आम्हाला कसं वाटतं, याच्या चिठ्ठ्यांनी भिंती भरल्या. ज्यांच्यामुळे हा प्रश्न आहे त्यांच्या घरात कुणी वही घेऊन गेलेलं नाही. त्यांचा फोटो फलकावर नाही. त्यांना कुणी विचारत नाही, तुम्हाला कसं वाटतं.

म्हणून आता मी जाते. आई आणि कुसुमा चाची जो रस्ता झाडतात, त्याच रस्त्यावर, एकेक दार. माझं संमतीपत्र मी हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि परत घेण्याची ओळ सगळ्यांत वर. ती मी आधी वाचते. मग एकच प्रश्न विचारते. पहिल्या घराने दार लावलं. मी लिहिलं, दार लावलं. दुसऱ्याने विचारलं, सरकारी आहात का? नाही म्हटल्यावर त्यांनीही लावलं. तेही लिहिलं. कुणी सोबत नाही. आई म्हणते, "एकलीच कुठं कुठं जाशीन?" मी म्हणते, जाईन.

काल पाचव्या घरी एका बाईंनी दार उघडलं. माझा चष्मा, वही, बोलणं बघून आत बसवलं. स्टीलच्या चकचकीत ग्लासात पाणी आणलं. मी ग्लास हातात घेतला, ओळ वाचली आणि विचारलं, "आपके यहाँ जो सफाई करने आती हैं, उनको पानी किस बर्तन में देती हैं?"

बाईंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. मग सावकाश विचारलं, "वैसे, आप लोग कौन हैं?"

"बताऊँगी," मी म्हटलं. "छिपाना कुछ नहीं है. लेकिन पहले मैंने पूछा है."

मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि खुर्चीवर नीट बसले. उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.